विंगेतला माणूस लंकेला निघाला

डाव्या हाताचा पंजा तोंडाच्या कडेला आडवा धरायचा, मान जराशी पुढे काढायची आणि मग कुजबुजायचं. वांगी कशी दिली, एवढंच विचारायचं असलं तरी तसंच. आमच्या मूल गावच्या बाजारात भाऊ असे कुजबुजले की वांगेवालीही नकळत आवाज खाली आणून भाव सांगायची, आणि आजूबाजूची माणसं पिशव्या सावरत जवळ सरकायची. इथे काहीतरी खास भावात चाललंय असा त्यांचा समज व्हायचा. भाव सगळ्यांना तोच असायचा. पण भाऊ ज्या ढिगापाशी उभे राहायचे तो ढीग लवकर संपायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

भाऊ नाटकातले प्रॉम्प्टर. आमच्या झाडीपट्टीत धान कापून घरात आलं की गावोगाव नाटकं सुरू होतात. नट मंडळी हंगामात इतकी नाटकं करतात की पाठांतराला वेळ कुणाला आहे? विंगेत बसलेला प्रॉम्प्टर वाक्य सोडतो, नट ते उचलतो आणि प्रेक्षकांत फेकतो. भाऊंनी उभी हयात हेच केलं. राजा, डाकू, विधवा, इन्स्पेक्टर, सगळे आधी भाऊंच्या तोंडून कुजबुजत बाहेर यायचे. टाळ्या मात्र पुढच्याला. एखादा नवखा नट पडद्यामागे थरथरत उभा असला की भाऊ त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "जाय बिनधास्त. मी हाव ना मांगं."

हंगाम संपला तरी त्यांची ही सवय काही संपायची नाही. बँकेच्या साहेबांच्या निरोप समारंभात साहेबांना भाषणात शब्द सुचेना. तर मागून कुणीतरी म्हणालं, "मले गहिवरून आलं." साहेबांनी ते आपल्या शुद्ध भाषेत करून घेतलं, आणि बोलता बोलता खरोखरच गहिवरले. भाऊंच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांना चार शब्द बोलायचे होते, तेव्हा हा वधूपिता मंडपाच्या कापडामागे बसून त्यांना वाक्यं पुरवत होता. त्या अल्बममध्ये भाऊ एकदाच दिसतात, तेही कापडाच्या फटीतून. एक कान आणि चष्म्याची काडी.

माझं मूलच्या बसस्टँडजवळ तिकिटांचं दुकान आहे. रेल्वेची तिकिटं, ताडोब्याला जाणाऱ्यांसाठी गाड्या, वर्षातून एखादी बोधगयेची ट्रिप, असा पसारा. भाऊ रोज येऊन बसायचे, पण समोरच्या खुर्चीवर कधीच नाही. कपाटाच्या आडोशाला एक स्टूल होतं, ते त्यांचं. गिऱ्हाईक अडखळलं की तिथून आवाज यायचा, "खालचा बर्थ माग." गिऱ्हाईक खालचा बर्थ मागायचं. माझ्याकडे तो नसायचा. मग भांडण माझ्याशी.

तर एकदा वहिनी दुकानात आल्या. वहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बोलायला एकदम खणखणीत. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. विहारात भन्तेजींनी संघमित्रेची गोष्ट सांगितली होती. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन ती समुद्रापार लंकेला गेली, अनुराधपूरला ती फांदी लावली, आणि ते झाड अजून उभं आहे. वहिनींच्या मनात ते झाड बसलं होतं.

"लंकेची ट्रिप काढा," त्या मला म्हणाल्या. "पन माही एक अट हाय. त्या झाडापाशी हा मानूस माह्या बाजूले उभा पाह्यजे. मांगं नाई. बाजूले."

बोधगयेला दोघंही गेले होते ना, असं मी म्हणालो. गेले होते, पण तिथे भाऊ सगळ्यांच्या मागे उभे राहून बायकांना पुढचं काय म्हणायचं ते सांगत होते, आणि फोटोत वहिनी एकट्याच होत्या. लग्नकार्यात एकट्या, मुलीच्या शाळेत एकट्या, हंगामात तर चार महिने एकट्या. हे सांगताना वहिनी रडल्याबिडल्या नाहीत, चिडूनच बोलत होत्या. आता वय झालं, म्हणाल्या, एकदा तरी माणसांत जोडीनं उभं राहायचं आहे, आणि ते त्या झाडाखालीच. कपाटाच्या आडोशाला स्टूल करकरलं.

आता एक गोष्ट सांगून टाकतो. ती सगळ्या मूलला ठाऊक होती, आणि कुणालाच ठाऊक नाही असं फक्त भाऊंना वाटायचं. भाऊंना उंचीची भीती होती. जत्रेतल्या आकाशपाळण्याकडे ते मान वर करून बघायचेसुद्धा नाहीत. पडदा बांधायला शिडी लावली की यांना नेमकं तेव्हाच चहाचं काम निघायचं. आणि लंकेला काही एसटी जात नाही.

मला वाटलं, भाऊ ट्रिप हाणून पाडतील. पण त्यांनी तसं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन पंजा तोंडाशी धरला आणि म्हणाले, "प्लॅनिंग माह्याकडं."

मी यात्रा काढणारा माणूस. प्लॅनिंग म्हणजे तारीख, तिकीट, हॉटेल, एवढंच मला येतं. भाऊंचं प्लॅनिंग म्हणजे तालीम. त्यांनी नागपूरहून लंकेचं एक जाडजूड माहितीपुस्तक मागवलं, ते प्रॉम्प्टरच्या पद्धतीनं लाल शाईनं अधोरेखित केलं, आणि गल्लीतल्या मंडळींना विहाराच्या हॉलमध्ये रविवारी हजर राहायला सांगितलं. यात दोघांची ओळख करून देतो, बाकीची गर्दी समजा. एक मनोहर टेलर, झाडीपट्टीचा जुना हीरो, आवाज पहाडी आणि डोक्यात एक वाक्य राहील तर शपथ. दुसऱ्या शेवंताबाई. जन्मभर लोकांच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, रोवणीला गेल्या, आता मुलगा माजरीच्या कोळसा खाणीत लागला होता, त्यानं आईला पाठवायचं ठरवलं होतं.

हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत लागल्या. हे विमान. पट्ट्याऐवजी प्रत्येकानं आपापला दुपट्टा नाहीतर पदर पोटावर बांधायचा. टेलरची बायको शेंगदाणे वाटत फिरायची, ती हवाई सुंदरी. मला टेबलामागे बसवून इमिग्रेशनचा अधिकारी केलं होतं, आणि चेहरा कडक ठेव असं तीनदा बजावलं होतं. प्रत्येकानं माझ्यासमोर यायचं, नाव सांगायचं, कशाला आलो ते सांगायचं आणि परत जाणार हे सांगायचं, सगळं इंग्रजीतून. भाऊ डाव्या बाजूला दाराआड बसून वाक्य सोडायचे. मंडळी इतकी तयार झाली की मी तोंड उघडायच्या आत त्यांची मान डावीकडे वळायची.

समुद्राची तालीम तलावावर झाली. पुस्तकात किनाऱ्याचं वर्णन होतं. पहिल्यांदा समुद्र पाहिल्यावर माणसानं काय बोलावं हे भाऊंनी ठरवलं होतं. सगळ्यांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं केलं. शेवंताबाईंनी तलावाकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, वाक्य ऐकलं, आणि म्हणाल्या की एवढं लांबलचक मी नाई म्हनत, मी 'लय पानी हाय बा' म्हनीन. त्यावर दिग्दर्शकाचा नाइलाज झाला.

मजा होती. पण तारीख काही ठरेना. मी तारीख काढली की भाऊ म्हणायचे, तालीम अजून कच्ची आहे. रोवणी झाल्यावर बघू. धान निघाल्यावर बघू. हंगाम उरकल्यावर बघू. पासपोर्ट सगळ्यांचे आले, भाऊंचासुद्धा आला, आणि त्यांनी तो आनंदानं सगळ्यांना दाखवला. मी बावळटासारखा समजत होतो की माणूस फारच काटेकोर आहे.

वहिनींच्या मात्र लक्षात आलं होतं. एका रविवारी विमान भरलं, पदर बांधले गेले, शेंगदाणे फिरले. वहिनी खिडकीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बाजूची खुर्ची रिकामी होती. त्यांनी मागे वळून भर हॉलमध्ये विचारलं, "सगळ्यायची खुर्ची मांडली. तुमची कुठी हाय?"

भाऊ दाराआडून म्हणाले, "मी हाव ना मांगं."

वहिनींनी पोटावरची गाठ सोडली आणि उठून घरी गेल्या. त्या दिवशीची तालीम तिथेच मोडली. भाऊ रिकाम्या खुर्च्या एकात एक घालत बसले. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा दुकानात. मला म्हणाल्या, तिकिटं काढून टाका. कधीची, ते यांना सांगायचं नाही. मी म्हटलं, वहिनी, माणूस काही पोतं आहे का, उचलून विमानात टाकायला? त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. तिसरी घंटा झाली की हा माणूस जिथं असेल तिथून येऊन जागेवर बसतो, म्हणाल्या. ताप असो, पाऊस असो, घरी पाहुणे असोत. संसारात त्यांना एवढी एकच गोष्ट पक्की समजली होती.

म्हणून मग आम्ही रंगीत तालीम जाहीर केली. सगळ्यांनी प्रवासाच्या कपड्यांत, खऱ्या बॅगा घेऊन यायचं. खरेपणा यावा म्हणून मी विहारासमोर गाडी उभी केली होती. भाऊ भलतेच खूश. ते प्रत्येकाची बॅग उचलून बघत होते, वजन बरोबर वाटतंय म्हणत होते. स्वतःची बॅग वहिनींच्या बॅगेआड ठेवलेली त्यांना दिसलीच नाही. सगळे गाडीत बसले. टेलरनं थिएटरातली पितळी घंटा आणली होती. पहिली दिली. दुसरी दिली. तिसरीला भाऊ धावत आले आणि मागच्या सीटवर बसले. गाडी निघाली.

सिंदेवाहीपर्यंत ते इतरांच्या चुका काढत होते. नागभीडला गाडी चहाला थांबली तेव्हा म्हणाले, प्रयोग मस्त उभा राहून राह्यला. भिवापूर गेलं. उमरेड आलं तसे खिडकीबाहेर बघायला लागले. पंजा तोंडाशी गेला.

"तालीम लय लांबली ना?"

टेलर फस्सकन हसला आणि त्यानं रुमाल तोंडात कोंबला. वहिनींनी शांतपणे डबा उघडून भाऊंच्या हातात पोळीभाजी दिली. त्यांनी ती घेतली, पण खाल्ली नाही.

नागपूरच्या विमानतळावर सगळं सुरळीत पार पडलं. आमचा रस्ता चेन्नईवरून होता. विमानात चढायची रांग लागली आणि मंडळी तालमीत शिकवल्याप्रमाणे शिस्तीत निघाली. भाऊ सगळ्यात शेवटी. दाराशी पोचल्यावर ते जागच्या जागी थांबले. चेहरा असा पांढरा पडला होता की मलाच आपलं काही चुकलं असं वाटायला लागलं. ते वहिनींना म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी हाव ना मांगं."

ते मागे राहणार आणि मागच्या मागे निघून जाणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. वहिनी रांगेतून बाहेर आल्या. वळसा घालून भाऊंच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी डाव्या हाताचा पंजा तोंडाच्या कडेला आडवा धरला, हुबेहूब भाऊंसारखा, आणि कुजबुजल्या.

"जाय बिनधास्त. मी हाव ना मांगं."

नवऱ्याला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं असेल. पण वाक्य तसं होतं, आणि प्रॉम्प्टरचं वाक्य बदलायचं नसतं. भाऊंनी एकदा मागे पाहिलं. मग वाक्य मिळालेला नट निघतो तसे ते निघाले, थेट आत.

विमानात भाऊंनी डोळे गच्च मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं वंदना म्हणताहेत. वहिनींनी कान नेला आणि मग पदर तोंडाला लावून हसू दाबलं. भाऊ वैमानिकाला प्रॉम्प्ट करत होते. "घे वर... हळू... आता सरळ..." चेन्नईला विमान टेकलं तेव्हा ते म्हणाले, पोरगं चांगलं आहे, वाक्य पडू देत नाही.

कोलंबोला आमची पंचाईत झाली. खऱ्या अधिकाऱ्यानं कुणालाच काही विचारलं नाही. पासपोर्ट पाहायचा, शिक्का मारायचा, जा. मंडळी डावीकडे मान वळवून उभी, आणि तो पुढच्याला बोलावतोय. शेवंताबाई मात्र हलेनात. एवढं पाठ केलं आणि यानं विचारलंही नाही, हे त्यांना पटेना. त्यांनी काउंटरची कड धरली आणि सगळं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं. माझं नाव शेवंता, मी बोधीचं झाड पाहायला आले, मी परत जाणार. अधिकाऱ्यानं हातातला शिक्का बाजूला ठेवला आणि उभा राहून हात जोडले.

आम्हाला एक गाईड मिळाला होता, तिथलाच, तोंडभर हसणारा, हिंदी शिकलेला. शिकलेला म्हणजे वाक्याच्या मध्यावर शब्द हरवायचा. पहिल्या दिवशी तो डोंगराकडे बोट दाखवून अडला. बसच्या मागच्या सीटवरून आवाज गेला, "चढाई." त्यानं चढाई म्हटलं. दुसऱ्या दिवशीपासून तो अडला की आमच्याकडे न बघता मागच्या सीटकडे बघायचा. संध्याकाळी तो आणि भाऊ बरोबर चहा प्यायचे. एकमेकांचं काय समजत होतं देव जाणे, दोघंही कुजबुजत होते.

समुद्र पाहिल्यावर शेवंताबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन ते चाखून पाहिलं. त्यांना कुणीही वाक्य दिलं नाही. पण अनुराधपुराच्या वाटेवर मोठमोठाले तलाव लागले, पाळी लागल्या, पाळीखाली धानाच्या बांध्या लागल्या, आणि त्यांनी बस थांबवायला लावली. खाली उतरून एक लोंबी हातात चोळून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, एवढ्या लांब येऊन आमाले मूलच दाखवलं ना बा तुमी. माझी सगळी कमाई त्या एका वाक्यात पाण्यात गेली.

झाडापाशी आम्ही सकाळी गेलो. पांढरे कपडे, पायात काही नाही, हातात फुलं. झाड एका उंच ओट्यावर आहे, सोनेरी टेकूंवर फांद्या तोललेल्या. लोक आवाज न करता बसलेले. आमची मंडळी ओळीनं उभी राहिली. सवयीनं भाऊ मागे सरकले. मग थांबले. मी बघत होतो, आणि खोटं कशाला सांगू, श्वास रोखून बघत होतो. ते ओळीच्या कडेनं पुढे आले आणि वहिनींच्या बाजूला उभे राहिले.

त्रिसरण, पंचशील सुरू झालं. ते आमच्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ. कुणाला वाक्य द्यायची गरजच नव्हती. तेव्हा मला एक अनोळखी आवाज ऐकू यायला लागला. भरदार, स्वच्छ, टेलरलाही मागे टाकेल असा. मी इकडेतिकडे पाहिलं. तो आवाज भाऊंचा होता. इतकी वर्षं हा माणूस माझ्या दुकानात बसायचा आणि त्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता. वहिनी म्हणता म्हणता थांबल्या होत्या. त्या त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिल्या. बाहेर आल्यावर गाईडनं दोघांचा फोटो काढला. मध्यभागी, पूर्ण, चपलांसाठी हात पुढे केलेले भाऊ आणि त्यांच्या बाहीला धरून वहिनी.

परत आल्यावर भाऊ पुन्हा कुजबुजायलाच लागले. मी एकदा म्हटलं, भाऊ, तो दुसरा आवाज काढा ना. तर पंजा तोंडाशी धरून म्हणाले, "तो लंकेचा हाय." पुढच्या ट्रिपचं प्लॅनिंगही त्यांनी स्टुलावर बसून सुरू केलं होतं. यावेळी खुर्च्यांच्या चित्रात आपल्या नि वहिनींच्या खुर्च्या त्यांनी सर्वांत आधी काढल्या. ती ट्रिप काही झाली नाही. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

विहारात पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळं मूल लोटलं होतं. टेबलावर फोटो ठेवायला निघालो तर भाऊंचा पूर्ण फोटो एकच, लंकेत काढलेला. त्यातून वहिनींना कापावं लागलं. पण बाहीवरचा त्यांचा हात काही निघाला नाही, तो तसाच राहिला.

बोलायला मनोहर टेलर उभा राहिला. भाऊंनी वाक्य दिलं आणि त्यानं टाळ्या घेतल्या, असा दोघांचा सगळा जन्म गेलेला. त्यानं घसा खाकरला. "भाऊ म्हणजे," म्हणाला, आणि अडला. पुढे काही येईना. त्याची मान डावीकडे वळली, दाराकडे. त्याच्याबरोबर अख्ख्या हॉलची वळली, माझीही वळली.

दारापाशी वहिनी बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात. त्यांनी डावा पंजा तोंडाच्या कडेला धरला. "लय भेदरट मानूस."

टेलरला विचार करायची सवयच नव्हती. त्यानं ते उचललं आणि पहाडी आवाजात हॉलभर फेकलं, "भाऊ म्हणजे लय भेदरट मानूस!" क्षणभर कुणाला काही कळेना. मग शेवंताबाई हसल्या, आणि मग सगळाच हॉल हसत सुटला. मीसुद्धा डोळे पुसत हसत होतो.

हसू ओसरल्यावर टेलरनं पुढच्या वाक्यासाठी पुन्हा दाराकडे पाहिलं. वहिनींचा पंजा अजून तिथेच होता.

"पन माह्या बाजूले येऊन उभा राह्यला."

टेलरनं तोंड उघडलं. हे वाक्य त्याला काही म्हणता आलं नाही. म्हणायची गरजही नव्हती, ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं होतं.